फुटबॉलमधला दुसरा माणूस पहिला का होत नाही

९ मे १९९२. लंडनचं वेम्बली स्टेडियम, एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध संडरलँड. फायनलला दोन्ही टीम मैदानात येतात तेव्हा सगळ्यात पुढे त्यांचा मॅनेजर चालतो, ही तिथली जुनी रीत. (इंग्लंडमध्ये मुख्य प्रशिक्षकाला आजही बरेच जण मॅनेजरच म्हणतात.) त्या दिवशी लिव्हरपूलचा मॅनेजर ग्रॅम सूनेस पुढे नव्हता. महिनाभरापूर्वीच त्याची बायपास झाली होती. तो आला होता, पण बाकावर बसण्यापुरता. टीमच्या पुढे चालत होता त्याच्या हाताखालचा ५८ वर्षांचा प्रशिक्षक रॉनी मोरान.

लिव्हरपूल २-० जिंकलं. मोरान या क्लबात आला तो १९४९ साली, पोरसवदा वयात. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून पावणेचारशेहून जास्त सामने खेळला, मग तिथेच प्रशिक्षक झाला आणि १९९८ पर्यंत राहिला. एकोणपन्नास वर्षं एकच क्लब. आधीच्या वर्षी, फेब्रुवारी १९९१ मध्ये, मॅनेजर केनी डॅलग्लिशने अचानक राजीनामा दिला तेव्हा हंगामी सूत्रं मोरानकडेच आली होती. युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एकाची खुर्ची रिकामी आणि तो तिच्या शेजारीच उभा. कायमचं पद आपल्याला नको, हे त्याने स्पष्ट सांगितलं. सूनेस आला आणि मोरान पुन्हा आपल्या सरावाच्या मैदानावर गेला.

असं माणूस का करतो? मला या प्रश्नाने बरीच वर्षं धरून ठेवलंय, कारण त्याचं आपल्या तोंडावर तयार असलेलं उत्तर, म्हणजे ‘घाबरला असेल’ किंवा ‘तेवढी महत्त्वाकांक्षा नसेल’, फारच आळशी आहे.

आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत हे बघायला मिळतं. गणिताचे एक सर असतात. नववीच्या पोराचं बीजगणित कुठे अडलंय, हे त्यांना फळ्याकडे पाठ करून त्याच्या तोंडाकडे बघितलं तरी कळतं. सेवाज्येष्ठतेने त्यांचा नंबर लागतो आणि ते मुख्याध्यापक होतात. मग पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, संस्थाचालकांचे फोन, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या चकरा, गळणारं छप्पर, भांडायला आलेले पालक. बीजगणित सुटतं ते सुटतंच. म्हणून काही सर आधीच लेखी देऊन टाकतात की मला मुख्याध्यापकपद नको. बदली होईल म्हणून ऑफिसरची बढती न घेणारे बँकेतले कारकूनही आपण सगळ्यांनी बघितलेत. फुटबॉलमधल्या दुसऱ्या माणसाचं, म्हणजे सहाय्यक प्रशिक्षकाचं कोडं निम्मं इथेच सुटतं.

उरलेलं निम्मं मात्र फुटबॉलचं स्वतःचं आहे.

मुख्य प्रशिक्षकाचा आठवडा नीट बघा. सामन्याआधी पत्रकार परिषद, सामन्यानंतर पुन्हा पत्रकार परिषद. मधल्या दिवसांत मालक, खेळाडूंचे एजंट, कोणाला विकायचं, कोणाला घ्यायचं, कोणाचा करार संपत आलाय. मोठ्या क्लबात तो मैदानावर असतो तेव्हाही बऱ्याचदा कडेला हात बांधून उभा राहून बघत असतो. शिट्टी वाजवून खेळ थांबवणं, बचावपटूला दोन पावलं डावीकडे सरकवणं, ‘आता परत कर’ म्हणणं, हे सगळं सहाय्यकाच्या हातात असतं. ॲलेक्स फर्ग्युसननेही मँचेस्टर युनायटेडमध्ये रोजचा सराव सहाय्यकांवर सोपवला होता. उभं राहून बघितलं की जास्त दिसतं, असं तो म्हणायचा. त्याला ते जमलं. पण ज्याला शिट्टी हातात असण्यातच आयुष्याचं सुख आहे, त्याने ती का सोडावी?

दुसरी गोष्ट वाईट बातमीची. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये वयाने मोठ्या खेळाडूंची यादी २५ जणांची. खेळायला उतरतात ११. म्हणजे दर आठवड्याला १४ जणांना, आणि ते १४ म्हणजे त्यांच्या त्यांच्या गावातले सर्वोत्तम खेळाडू असतात, ‘तू नाहीस’ हे कोणीतरी सांगावं लागतं. ते काम मुख्य प्रशिक्षकाचं. सांगून झाल्यावर त्या १४ जणांना सरावात पुन्हा पळवायचं, त्यांचं मन मोडू द्यायचं नाही, हे काम दुसऱ्याचं.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या टीमचे सामने बघताना मी हे अगदी जवळून पाहिलंय. सत्तराव्या मिनिटाला एका पोराला बाहेर काढलं. पोरगं रागाने नडगीवरचं शिनगार्ड उपसून बाकाखाली फेकतं. प्रशिक्षक मैदानावरून नजर हटवत नाही. त्याला ती हटवता येणारही नाही, सामना चालू आहे. पण शेजारचा दुसरा माणूस उठतो, पाण्याची बाटली घेतो, पोरासमोर उकिडवा बसतो आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी बोलतो. दोन मिनिटांनी पोरगं स्वतःच वाकून शिनगार्ड उचलतं. ते बोलणं त्या प्रशिक्षकाने केलं असतं तर पोराने ऐकलं नसतं. ज्याने काढलं त्याच्याच तोंडून सांत्वन कोण ऐकेल?

दुसरा माणूस पहिला होतो त्या दिवशी त्याच्या हातातली ही बाटली जाते. काल ज्यांच्याशी थट्टामस्करी चालायची, ते आज दार ठोठावून आत येतात आणि विचारतात, मी टीममध्ये का नाही? सॅमी ली हा लिव्हरपूलचा जुना खेळाडू. बोल्टनमध्ये सॅम अलार्डाइसचा सहाय्यक म्हणून त्याने चांगलं काम केलं होतं. २००७ मध्ये अलार्डाइस गेला आणि खुर्ची त्याला मिळाली. ऑक्टोबरच्या मध्यात तो बाहेर होता, लीगमध्ये एक विजय पदरात घेऊन. पुढच्याच वर्षी तो लिव्हरपूलला राफा बेनितेझचा सहाय्यक झाला.

या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत जास्त लागते ती ब्रायन किडची.

मँचेस्टरचा पोरगा. १९६८ च्या युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, आताची चॅम्पियन्स लीग) फायनलमध्ये, बरोबर आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी, त्याने मँचेस्टर युनायटेडसाठी गोल केला. १९९१ मध्ये तो फर्ग्युसनचा सहाय्यक झाला. त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत युनायटेडने चार लीग विजेतेपदं घेतली, आणि बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल बंधू यांची पिढी वर आली तीही याच काळात. डिसेंबर १९९८ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सने त्याला मॅनेजरपद देऊ केलं. ब्लॅकबर्न म्हणजे साडेतीन वर्षांपूर्वीचे लीग विजेते, फक्त आता तळाशी झगडणारे. किड गेला.

१२ मे १९९९ ला ब्लॅकबर्नच्या मैदानावर सामना झाला ब्लॅकबर्न विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. ०-० असा सुटला, आणि त्या बरोबरीने ब्लॅकबर्न खालच्या विभागात गेलं. किडचं जुनं घर समोरच्या बाकावर बसलेलं होतं आणि त्याच्या जागी फर्ग्युसनशेजारी स्टीव्ह मॅक्लॅरन होता. पुढच्या पंधरवड्यात युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदं घेतली. सहा महिने आधी किडने नाही म्हटलं असतं तर बार्सिलोनातल्या चॅम्पियन्स लीग फायनलच्या रात्री तो तिथे असता. नोव्हेंबरमध्ये ब्लॅकबर्नने त्याला काढलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००९ मध्ये तो मँचेस्टर सिटीत आला आणि मँचिनी, पेलेग्रिनी, ग्वार्दिओला अशा एकमेकांशी काडीचं साम्य नसलेल्या तीन मॅनेजरांच्या हाताखाली २०२१ पर्यंत टिकला. या काळात सिटीने पाच वेळा लीग जिंकली. म्हणजे माणूस तोच, ज्ञान तेच. एका खुर्चीत वर्षभरसुद्धा निभावलं नाही, शेजारच्या खुर्चीत तीन राजवटी पाहिल्या. किड कमी पडला असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आधी ही दोन कामं वेगळी आहेत हे मान्य करावं.

वेगळेपण किती, याचं आणखी एक उदाहरण भारतापर्यंत येतं. रेने मेयुलेन्स्टीन हा मँचेस्टर युनायटेडमधला डच प्रशिक्षक. त्याची खासियत खेळाडूला एकट्याला घेऊन शिकवण्याची. ऑगस्ट २००७ मध्ये तिथल्या क्रिस्तियानो रोनाल्डोला लाल कार्ड मिळालं आणि तीन सामन्यांची बंदी आली. हा रिकामा वेळ मेयुलेन्स्टीनने वापरला. गोलसमोरच्या जागेचे भाग पाडायचे, कोणत्या भागातून बॉल पायाच्या कुठल्या बाजूने आणि गोलच्या कुठल्या कोपऱ्यात मारायचा हे ठरवायचं आणि तेच घोटून घ्यायचं. प्रत्येक गोल देखणा असायची गरज नाही, हे त्या पोराच्या गळी उतरवणं हा त्यातला अवघड भाग. आदल्या हंगामात २३ गोल करणाऱ्या रोनाल्डोने त्या हंगामात ४२ केले. श्रेय अर्थात खेळाडूचं. पण शिकवणीचा वाटाही त्यात आहे.

हाच मेयुलेन्स्टीन २०१३ मध्ये रशियाच्या आंझी क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला. १६ दिवस टिकला. त्याच वर्षाअखेरीस इंग्लंडचा फुलहॅम क्लब. तिथे अडीच महिने. २०१७ मध्ये तो कोचीला केरळा ब्लास्टर्सचा मुख्य प्रशिक्षक म्हणून आला आणि जानेवारी २०१८ उजाडताच गेलासुद्धा. आणि मग? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय टीमचा सहाय्यक. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये ती टीम बाद फेरीत पोहोचली आणि विजेत्या अर्जेंटिनाशी १-२ अशी हरली. केरळमध्ये त्याचं नाव अपयशी म्हणून निघतं, ते मला अन्यायाचं वाटतं. एका पोराला एका कोपऱ्यात घेऊन शिकवणं ही त्याची कला. पंचवीस पोरं, मालक आणि साठ कॅमेरे यांना एकाच वेळी सांभाळणं ही दुसरी.

काहींचं कसब तर असं असतं की ते एकट्याने उभंच राहत नाही. पीटर टेलर आणि ब्रायन क्लफ यांच्यासारखी जोडी इंग्लंडने पुन्हा पाहिली नाही. मॅनेजर क्लफ बोलका, उद्धट, मैदान गाजवणारा. सहाय्यक टेलर माणसं हेरणारा. त्यांच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबाला १९७७ मध्ये केनी बर्न्सला घ्यायचं होतं, पण तो जुगारी आणि भांडकुदळ अशी त्याची ख्याती. टेलर सपाट टोपी चढवून कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर जाऊन बसला आणि लांबून बर्न्स किती पैसे लावतो ते बघत राहिला. फार काही नाही, हे बघून सौदा झाला. फॉरवर्ड म्हणून खेळणाऱ्या बर्न्सला त्यांनी बचावात आणलं आणि १९७८ मध्ये पत्रकारांनी त्यालाच वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. फॉरेस्टने त्या वर्षी लीग जिंकली आणि १९७९ व १९८० मध्ये लागोपाठ युरोपियन कप.

या जोडीची परीक्षा आधीच होऊन गेली होती. १९७४ मध्ये क्लफ एकटा लीड्सला गेला, टेलर ब्रायटनमध्येच मॅनेजर म्हणून राहिला. क्लफला लीड्सने ४४ दिवसांत काढलं. टेलरने ब्रायटन वाईट चालवलं नाही, पण वरच्या विभागात नेणं त्याला जमलं नाही. १९७६ मध्ये तो आपणहून पुन्हा दुसऱ्या खुर्चीत, फॉरेस्टला, क्लफकडे आला. टेलरशिवाय आपल्याला हे काम जमत नाही, आपण दुकानाची दर्शनी काच आणि माल मात्र मागे टेलरकडे, असं क्लफ स्वतः म्हणायचा. दर्शनी काचेचं वेतन जास्त, दगडही तिलाच. १९८२ मध्ये टेलर डर्बीचा मॅनेजर झाला. पहिल्या हंगामात टीम वाचवली, एफए कपमध्ये खुद्द फॉरेस्टला हरवलं, पण दुसऱ्या हंगामात सगळं कोसळलं. त्यात फॉरेस्टचा एक खेळाडू घेण्यावरून दोघांचं जे फाटलं ते १९९० मध्ये टेलर गेला तोपर्यंत शिवलंच गेलं नाही. मला वाटतं, एकाने पहिला व्हायचं ठरवल्याची ही किंमत पैशांत मोजता येत नाही.

दुसरी खुर्ची सुरक्षित असते म्हणून लोक तिथे राहतात, असंही म्हणतात. अर्धंच खरं. २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाला, डेव्हिड मॉइस आला आणि आपली माणसं घेऊन आला. नुकतीच लीग जिंकून देणारे माइक फेलन, मेयुलेन्स्टीन, गोलकीपर शिकवणारा एरिक स्टील, तिघंही बाहेर. राजा बदलला की दरबार बदलतो. टिकतात ते दोन प्रकारचे लोक. एक, मॅनेजरबरोबर गावोगाव फिरणारे. दुसरे, क्लबाचेच झालेले, मोरानसारखे. आर्सेनलचा पॅट राइस तसाच : १९९६ मध्ये आर्सेन वेंगर येईपर्यंत काही सामने त्याने टीम सांभाळली, मग २०१२ पर्यंत वेंगरशेजारी बसला. बायर्न म्युनिकमध्ये हर्मान गेरलँड. आधी अनेक क्लबांत मुख्य प्रशिक्षक होऊन बघितलेला, म्हणजे पूर्ण माहितीनिशी दुसऱ्या खुर्चीत बसलेला. फिलिप लाम, श्वाइनस्टायगर, थॉमस म्युलर ही पोरं बायर्नच्या दुसऱ्या टीममध्ये त्याच्या हाताखालून गेली. २०१३ आणि २०२० मध्ये बायर्नने तिहेरी विजेतेपद मिळवलं ते दोन वेगळ्या मुख्य प्रशिक्षकांच्या नावावर, पण बाकावर दोन्ही वेळी गेरलँड होता.

बंगळुरू एफसीचा आल्बर्ट रोका आठवतो? २०१६ मध्ये टीमला एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेच्या फायनलला नेणारा. २०२० मध्ये तो हैदराबाद एफसीचा मुख्य प्रशिक्षक होता. बार्सिलोनातून बोलावणं आलं, तेही फिटनेस प्रशिक्षक म्हणून, रोनाल्ड कूमानच्या ताफ्यात. तो गेला. बार्सिलोना त्याचं जुनं घर, फ्रँक राइकार्डच्या काळात तो तिथेच होता. आयएसएल या भारतीय लीगमधली पहिली खुर्ची सोडून मेस्सीच्या टीमच्या तंदुरुस्तीचं काम. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारून बघा.

आता तर दुसऱ्या खुर्चीच्याही चार खुर्च्या झाल्यात. गोलकीपरचा वेगळा, व्हिडिओ बघणारा वेगळा, कॉर्नर आणि फ्री किकचा वेगळा. आर्सेनलचा निकोला जोव्हर फक्त कॉर्नर आणि फ्री किक बघतो, आणि त्याचं चित्र एमिरेट्स स्टेडियमजवळच्या भिंतीवर रंगवलं गेलं. मुख्य प्रशिक्षक न होताही नाव होऊ शकतं, हे नवीन आहे.

एक गोष्ट सांगितली नाही तर हे सगळं खोटं ठरेल. दुसऱ्या खुर्चीत बसलेला प्रत्येक जण तिथे आवडीने बसलेला नसतो. अनेकांना पहिली खुर्ची कोणी देऊच केलेली नसते. कृष्णवर्णीय प्रशिक्षक क्रिस ह्यूटनने टॉटनहॅममध्ये १४ वर्षं एकामागून एक मॅनेजरांबरोबर काम केलं. पुढे न्यूकॅसलने संधी दिल्यावर २०१० मध्ये त्याने ती टीम प्रीमियर लीगमध्ये परत आणली. इंग्लंडमधल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांची ही जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. आपल्याकडे आयएसएलमध्ये वर्षानुवर्षं मुख्य प्रशिक्षक परदेशी आणि शेजारी भारतीय सहाय्यक, असा शिरस्ताच होता. खालिद जमील मुंबईत महिंद्रा युनायटेडसाठी खेळलेला, २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या लहान क्लबाला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून देणारा. तोसुद्धा नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहाय्यकच होता. जानेवारी २०२१ मध्ये मुख्य प्रशिक्षकाला काढलं म्हणून त्याला संधी मिळाली, आणि टीम थेट उपांत्य फेरीत गेली. २०२५ मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. अशा माणसाला ‘दुसऱ्या खुर्चीतच सुखी’ म्हणणं म्हणजे बंद दाराला त्याची आवड ठरवणं.

आणि नको नको म्हणत गेलेलेही असतात. १९७४ मध्ये बिल शँकलीने लिव्हरपूल सोडलं तेव्हा त्याचा सहाय्यक बॉब पेझली अजिबात तयार नव्हता. त्याने शँकलीला थांबवायचा प्रयत्न केला, खेळाडूंनाही सांगितलं की मला हे काम नको होतं. नऊ वर्षांत सहा लीग विजेतेपदं आणि तीन युरोपियन कप. पण पेझलीला जमलं त्याचं एक कारण असं की त्याने आपली दुसरी खुर्ची रिकामी ठेवली नाही. तिथे जो फेगन होता, मोरान होता. ॲनफील्ड या लिव्हरपूलच्या मैदानावरच्या बूट ठेवायच्या खोलीत ही माणसं बिअरच्या क्रेटवर बसून सामन्याची चिरफाड करायची. रोजचा सराव, कोणाला काय दुखापत, हवा कशी होती, हे वह्यांत लिहून ठेवलं जायचं. पुढच्या वर्षी तसंच काही अडलं की जुनी वही उघडायची. १९९३ मध्ये ती खोली पाडली आणि तिथे पत्रकारांसाठी जागा केली.

मोरानची एक आठवण त्या काळचे खेळाडू हमखास सांगतात. लीग जिंकल्यावर, नवा हंगाम सुरू होताना, तो पदकांचा खोका घेऊन ड्रेसिंग रूममध्ये यायचा आणि टेबलावर ठेवायचा. कमावलंय असं वाटत असेल त्याने एक उचला, म्हणायचा. मग सरावाला बाहेर चला.